वकीलबाईंची उलटतपासणी

तक्रार

ज्याची बाजू खरी, नेमकी त्याचीच वाचा ऐनवेळी का बसते, हे कोडं वकीलबाईंना इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं.

कामावरून काढलेल्या, राजीनामा द्यायला लावलेल्या माणसांचे खटले लढणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांचं नाव निघालं की भल्या भल्या मालकांना घाम फुटायचा. सध्या त्यांच्यासमोर बसली होती एका मोठ्या लाँड्रीतली इस्त्रीवाली. लाँड्रीत हॉस्पिटलांच्या नि हॉटेलांच्या चादरींचे ढीग यायचे, आणि पाळी संपली तरी मुकादम तिला रोज थांबवून घ्यायचा. एका संध्याकाळी ती सरळ घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ‘उद्धट’ म्हणून तिला काढून टाकलं.

खटला सोपा होता. अडचण एवढीच, की समोरच्यानं आवाज चढवला की इस्त्रीवाली गप्प व्हायची आणि हाताला लागेल त्याची घडी घालायला लागायची. पहिल्या भेटीत तिनं टेबलावरच्या वर्तमानपत्राची पाकिटाएवढी चौकोनी घडी केली. दुसऱ्या भेटीत खुर्चीवरच्या वकीलबाईंच्या काळ्या कोटाची. घडी सुरेख होती, पण न्यायाधीश काही घड्या बघून निकाल देत नाहीत.

सुनावणी आता परवावर आली होती. तिथे ती बोलली नाही, तर नोकरी गेल्यातच जमा होती.

सराव

साक्षीआधी वकीलबाई ऑफिसातच लुटुपुटीचं कोर्ट भरवत. खोटं पढवायला नव्हे, खरं मोठ्यानं बोलायची सवय व्हावी म्हणून. मालकाची भूमिका कायम त्यांच्या टायपिस्टकडे असे. ही बाई एरवी इतकी हळू बोलायची, की फोनवर पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करून थकायचा. मालक झाली की मात्र अंगात संचारायचं.

आजही ती खुर्चीमागे उभी राहिली, चष्मा कपाळावर ढकलला आणि चुटकी वाजवली.

‘अगं, दोन मिनिटांचं तर काम! घरी जाऊन असं काय मोठं करायचंय तुला?’

इस्त्रीवालीचा चेहरा पडला.

‘आणि तू आहेस म्हणून सांगतोय हं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का?’

आमचा मुकादम अस्सा बोलतो, असं पुटपुटत इस्त्रीवालीनं टेबलावरचा नॅपकिन ओढला नि घडी घालायला घेतली.

वकीलबाई मात्र खूश. एवढा झकास अभिनय कुठे शिकलीस, असं त्यांनी टायपिस्टला विचारलं. तिनं फायलींच्या कपाटाकडे बघत फक्त ‘निरीक्षण’ एवढंच सांगितलं. चष्मा ढकलायची ती लकब वकीलबाईंनाही कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. बहुधा थोरल्या दिरांची.

सराव दुपारभर चालला. उत्तरं इस्त्रीवालीला पाठ होती, घशातून वर मात्र येत नव्हती.

हरकत

पाच वाजले. टायपिस्टनं पिशवी खांद्याला अडकवली. आईला हॉस्पिटलातून घरी न्यायचंय, आज वेळेवर निघेन, असं तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. सकाळीच वकीलबाईंनी ‘हो हो’ म्हणून ते विसरूनही टाकलं होतं.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

‘अगं, निघालीस? दोन मिनिटांचं काम आहे, हा अर्ज तेवढा टाइप करून जा. तू आहेस म्हणून सांगते.’

टायपिस्ट पिशवीसकट परत खुर्चीत बसली.

आणि इस्त्रीवाली ताडकन उभी राहिली! तिला वाटलं, सराव चालूच आहे, फक्त मुकादम बदललाय.

‘तिची वेळ संपलीय, साहेब,’ ती वकीलबाईंना म्हणाली. आवाज थेट जिन्यापर्यंत गेला. ‘थांबवायचं तर आधी विचारा. ती नाही म्हणाली तर तो उद्धटपणा नाही. आणि तुमची ती दोन मिनिटं कधी संपतच नाहीत. संपतील कशी? ती तुमच्या वेळातून जातच नाहीत ना.’

मग खाली बसून तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘बरोबर आलं का, बाई?’

वकीलबाईंनी तोंड उघडलं. आजवर एकाही मालकाच्या वकिलाला त्यांनी बिनउत्तराचं परत पाठवलं नव्हतं. पण शब्द फुटेना. खाली पाहिलं, तर त्यांचेच हात नॅपकिनची घडी घालत होते.

दुसरी बाजू

अखेर त्यांनी बचाव केला. आपण कधी ओरडत नाही, आजारपणात चौकशीला जातो, वाढदिवस लक्षात ठेवतो, आणि मुख्य म्हणजे टायपिस्ट आजवर एकदाही नाही म्हणालेली नाही.

‘खरंय बाई, मी कधी नाही म्हणाले नाही,’ टायपिस्ट हळूच म्हणाली. ‘पण तुम्ही विचारता कुठे? सांगता. तेही इतकं गोड, की नाही म्हणणारीच वाईट ठरावी. ही मुकादमाला भिऊन थांबली, मी तुमच्या चांगुलपणाला भिऊन. घरी उशीर दोघींनाही झाला.’

मग वकीलबाई उठल्या, दार उघडून धरलं आणि म्हणाल्या, ‘आई वाट बघत असतील. नीघ तू.’

अर्ज त्यांनी स्वतः एका बोटानं टाइप केला. दोन मिनिटांचं ते काम दिवेलागणीपर्यंत पुरलं.

निकाल

सुनावणीत लाँड्रीच्या वकिलानं आवाज चढवला. इस्त्रीवालीनं शांतपणे, न अडखळता सगळं सांगितलं. इतकं धीटपणे बोलायला कुठे शिकलात, असं न्यायाधीशांनी कौतुकानं विचारलं.

‘आधी आमच्या वकीलबाईंनाच बोलून बघितलं,’ ती म्हणाली. ‘त्यांच्यापुढे हे साहेब काहीच नाहीत.’

सगळं कोर्ट हसलं. सगळ्यात शेवटी वकीलबाईही हसल्या. इस्त्रीवालीला कामावर परत घ्यावं, असा हुकूम झाला.

मंडळी, आपल्यापैकी फार थोड्यांची लाँड्री असेल. पण आपल्या शब्दाखातर थांबणारं कुणीतरी प्रत्येकाकडे असतं. ऑफिसात असतं, दुकानात असतं, घरात धाकट्या जावेच्या रूपात असतं. ते माणूस गप्प आहे म्हणजे त्याची हरकत नाही, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर बिनधास्त देता येतं, तोच खरा प्रश्न. बाकी सगळे हुकूम, कितीही गोड आवाजात दिले तरी!

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंनी टायपिस्टला विचारलं, आज थोडा वेळ थांबायला जमेल का. तिनं क्षणभर विचार केला.

‘नाही जमणार, बाई.’

आतून उसळून आलेली सगळी उत्तरं वकीलबाईंनी एकेक करून गिळली, आणि आयुष्यातला सर्वांत अवघड युक्तिवाद एका शब्दात केला.

‘बरं.’