ज्यानं लावली त्यानंच काढावी

"मानवजातीनं आजवर दोनच खरे शोध लावले. पहिला अग्नीचा आणि दुसरा लाल पाटीचा."

रुपराव मेश्रामांनी एवढं बोलून श्वास घेतला. असं वाक्य ऐकणाऱ्याच्या अंगात मुरायला थोडा वेळ द्यावा लागतो. समोर लॅपटॉपवर फिनलंड, ब्राझील, पोलंड आणि आणखी कुठकुठली माणसं आपापल्या चौकोनात बसली होती, आणि सगळी भारावल्यासारखी एकटक बघत होती. फिनलंडचा मिक्का तर काहीतरी लिहूनही घेत होता. मागं स्वयंपाकघरात जिजाबाईंचा खलबत्ता ठकठक करत होता, तेवढाच काय तो व्यत्यय.

"काका," आपल्या चौकोनातून उन्नती म्हणाली, "तुमचा कॅमेरा वर झाला. ह्या लोकांना मघापासून नुसता पंखा दिसून राहिला."

पंखा बंद होता. त्याला लाल पाटी लटकत होती.

उन्नती रुपरावांच्या इंदोऱ्यातल्या घरासमोरच राहायची. नोकरी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण कॉलेजात असताना तिनं 'दौत' नावाचा एक प्रोग्राम लिहून जगाला फुकट देऊन टाकला होता. दौतीत कागदपत्रं लिहावीत, छापावीत आणि काही बिघडलं तर ज्याला जमेल त्यानं आत शिरून दुरुस्त करावं. हळूहळू दौत जगभर गेली आणि जगभरच्या तक्रारी उन्नतीकडे आल्या. कोणाची अक्षरं उलटी पडत होती, कोणाचा प्रिंटर हलत नव्हता, एकानं तर बायको माहेरी गेल्याचंही तिथंच नोंदवलं होतं. पोर्तुगालचा एक स्वयंसेवक रोज सकाळी चहासोबत ढीगभर तक्रारी न वाचताच बंद करून टाकायचा. लोक खवळले. उन्नती रडकुंडीला आली आणि रुपरावांच्या गेटापाशी उभी राहून म्हणाली, "काका, कोराडीत तुम्ही हे सगळं कसं सांभाळत होते?"

रुपरावांना भरून आलं. कोराडीच्या वीज केंद्रातून शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. कोथिंबीर महाग झाली एवढं सांगितलं तरी जिजाबाई म्हणायच्या, "मले माहीत हाय."

कोराडीत त्यांचा सगळा भरवसा एका नियमावर होता. यंत्रावर काम करायला जाणारा माणूस आधी स्विचवर आपल्या नावाची लाल पाटी लावतो, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. मोठा साहेब येवो की मंत्री, दुसऱ्याचा हात पाटीला लागत नाही. पाटीवाला अजून आतच असेल तर? ह्या नियमाच्या जोरावर रुपराव दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आले होते.

तोच नियम त्यांनी दौतीला लावला. तक्रारींचे तीन ढीग केले: 'आधीपासूनच नाही चालत', 'आधी चालत होतं' आणि 'तुम्हीच काहीतरी केलं'. मधला ढीग सगळ्यात गंभीर. चांगलं चालणारं नव्या आवृत्तीत बिघडलं, म्हणजे कोणीतरी आत नको तिथं हात घातला. अशा तक्रारीवर लाल पाटी लागायची आणि ती तक्रारदारानंच काढायची. एक जरी लटकत असली तरी पुढची आवृत्ती बाहेर पडणार नाही. प्रत्येक तक्रारीखाली रुपराव आधी एकच प्रश्न टाकत: "काहून?" म्हणजे, का बरं? मिक्काला तो तांत्रिक शब्द वाटला. त्यानं 'काहून' असा वेगळा रकानाच उघडला, आणि ब्राझीलची माणसं आता एकमेकांना विचारू लागली की ह्या बिघाडाचं काहून सापडलं का.

मग सहावी आवृत्ती आली आणि दौत प्रत्येक पानाची शेवटची ओळ खाऊ लागली. ब्राझीलमधल्या एका वकिलाची मृत्युपत्रं सहीच्या जागेशिवाय निघाली. पोलंडच्या एका पाद्रीबाबांच्या छापील प्रार्थनेतलं आमेन गेलं. बाबा संपलं म्हणेनात आणि लोक बाकांवरून उठेनात. सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला, सातवी आवृत्ती तयार केली, तक्रारदारांनी आपापल्या पाट्या काढल्या. एकच राहिली.

ती अशी होती. नाव: कुहीवाली. तक्रार: आधी चालत होतं, आता चालत नाही.

काय चालत होतं, ते लिहिलेलं नव्हतं. रुपरावांनी विचारलं, "काहून?" उत्तर आलं, "तुमालेच माहीत." त्यानंतर कितीही विचारलं तरी शब्द नाही.

तर आजच्या बैठकीत पंख्याचं दर्शन आटोपल्यावर मिक्का अगदी नम्रपणे म्हणाला की पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत ती पाटी निघाली नाही, तर हा नियम ठेवायचा की नाही यावर मत घेऊ. नियमासोबत नियमवाले काकाही जातील, हे कोणी बोललं नाही. रुपरावांना ते बरोबर ऐकू आलं.

"काका, मीच काढून टाकू का?" बैठक संपल्यावर उन्नतीनं विचारलं. "माझ्याकडे बटण आहे."

"अन् ते बाई आत असंल त?"

"कशाच्या आत? सॉफ्टवेअर आहे ना ते, काका!"

"इतकी मोठी दौत. तुले काय माहीत आत कोण कोण हाय?"

आठवडाभर वाट पाहून रविवारी सकाळी रुपराव पायात चपला घालून निघाले. कुहीवाली म्हणजे कुहीची; ह्यात डोकं लावायचं ते काय?

"कुहीले?" जिजाबाईंनी खलबत्ता थांबवला. कुही त्यांचं माहेर. "अन् मले न घेता?"

"ऑफिसचं काम हाय."

"निवृत्त माणसाले कुहीत कोणतं ऑफिस सापडलं बाप्पा?"

कुहीला उतरून रुपरावांनी शिंप्याला विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं, धानाची पोती मोजणाऱ्या दोन बायांना विचारलं. "कुहीवाली पाहिजे," ते म्हणत. बाया पदराआड हसल्या. "कोणती पाहिजे गा? इथं त सगळ्याच कुहीच्या." एका म्हातारीनं तर त्यांचं वय बघून, आता ह्या वयात बायको शोधून काय करता, असं काळजीनं विचारलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते मुकाट्यानं सासुरवाडीत शिरले.

धोंडबा, जिजाबाईंचा मोठा भाऊ, सगळी हकीकत ऐकून खाटेवर सरळ झाला. "भाऊजी, तुम्ही येडे झाले का? कुहीत कुहीवाली कशी भेटंल? माझ्या बायकोले इथं मौदेवाली म्हणतात. शेजारच्या पार्वतीबाईले उमरेडवाली म्हणतात. पोरगी सासरी गेली का तिले माहेरच्या गावाचं नाव लागते. कुहीवाली पाहाची त कुहीच्या बाहेर पाहा."

"बाहेर कुठं पाहू? ढीगभर असतील."

"असतील ना. तुमची माय आमच्या जिजीले काय म्हणून हाक मारत होती?"

रुपरावांच्या हातातला चहाचा पेला तोंडापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

घरी पोचले तेव्हा बैठक सुरू व्हायची वेळ झाली होती. लॅपटॉप उघडून त्यांनी तसाच ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. जिजाबाई शेंगदाणे कुटत होत्या.

"तू तक्रार केली?"

"केली."

"दौतीची?"

"मले काय माहीत कोणाची? मिक्सरले तुम्ही पाटी लावली, त्याच्यावर क्यूआर कोड होता. त्याच्यापुढं फोन धरला त लिवाले जागा आली. नाव मागितलं, ते दिलं. अन् लिवलं, आधी चालत होतं, आता चालत नाही."

"मग मी काहून म्हणून विचारलं तेव्हा..."

"सांगितलं ना, तुमालेच माहीत! पाटी तुमची."

रुपरावांनी मिक्सरची पाटी हातात धरली. दौतीतूनच छापलेली होती. वर हौसेनं टाकलेला तक्रारींचा कोड, मधे त्यांचं नाव, खाली 'बंद आहे. हात लावू नये.' त्याच्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिल्याचं त्यांना चांगलं आठवत होतं: 'संध्याकाळपर्यंत सुरू होईल.' ती दौतीनं खाल्ली होती. मिक्सरची वायर तर त्यांनी त्याच संध्याकाळी बदलली होती. पाटी तेवढी काढायची राहिली.

"म्हणजे इतके दिवस हा चांगलाच होता?"

"असंल."

"अन् तू खलबत्ता घेऊन बसली? एक पाटी काढता नाही आली?"

"लगन झाल्यापासून सांगून राहिले, दुसऱ्याच्या पाटीले हात लावाचा नाही म्हणून." जिजाबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "मले वाटलं, तुम्ही अजून आतच हाय."

रुपरावांनी पाटी काढली. जिजाबाईंनी शेंगदाणे भांड्यात ओतून बटण दाबलं, आणि मिक्सरचा घरघराट लॅपटॉपमार्गे थेट हेलसिंकीपर्यंत गेला. चटणी चाखून पाहिल्यावरच त्यांनी पदराला हात पुसले, फोन घेतला आणि आपल्या तक्रारीवरची पाटी काढली.

चौकोनाचौकोनांत टाळ्या सुरू झाल्या. मत घ्यायचं कारणच उरलं नाही. उन्नतीनं बटण दाबलं, सातवी आवृत्ती जगभर गेली, मृत्युपत्रांना सह्यांची जागा मिळाली आणि पोलंडात माणसं बाकांवरून उठली. मिक्कानं 'काहून'च्या रकान्यात 'मिक्सर' असं लिहिलं. नियम कायम ठेवावा, असं पोर्तुगालचा स्वयंसेवकच आधी म्हणाला.

"काका, दोन शब्द बोला ना," उन्नती म्हणाली.

रुपरावांनी घसा साफ केला. सदऱ्याची कॉलर सरळ केली. ह्या वेळी कॅमेराही आठवणीनं चेहऱ्यावर आणला.

"मानवजातीनं आजवर..."

"ऐकून राहिले का?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "ते मग बोला. आधी पंख्याची पाटी काढा ना. गरम होऊन राहिलं."