मासोळी बुडते का?

तलावाची पार, म्हणजे बांध, माणसांनी गच्च भरली होती. सिंदेवाहीच्या बाजारालाही एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. आणि ही सगळी जमली होती कशासाठी? तर सात वर्षांच्या एका पोरीच्या मानेतून गळणारा पू तीर्थ म्हणून प्यायला. हो, पूच. मी सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, मला त्याला दुसरं नाव देता येत नाही.

पोरगी म्हणजे लटारू ढिवराची अन्नपूर्णा. तिच्या मानेला उजव्या बाजूला जन्मापासून ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. त्यातून अधूनमधून चिकट पाणी येई, अलीकडे पू यायला लागला होता. जलगिरी नावाचा एक बुवा गावात उतरला, त्यानं ते भोक पाहिलं आणि हा माशाचा कल्ला आहे, पोरगी मत्स्यावतार आहे, असं जाहीर करून टाकलं. झालं! गाव ढिवरांचं, मासे धरून पोट भरणाऱ्यांचं. मासा कल्ल्यातून दम घेतो हे त्यांना कुणी शिकवायला नको, आणि पोरीच्या मानेचं भोक तर समोर दिसत होतं. दोन खऱ्या गोष्टींची गाठ मारून बुवानं एक खोटी विणली आणि सगळं गाव त्या जाळ्यात सापडलं.

आदल्या दिवशी तिची आई शकुबाई दवाखान्यात आली होती. तापाचं औषध मागितलं, बाटली पदराखाली घेतली, तरी उठेना. शेवटी खाली बघत म्हणाली, "डागदरबाबू, मासोळी बुडते का?"

मग रडत रडत सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा अन्नपूर्णाला तलावाच्या तळाशी बसवणार होता, कमरेला जाळ्याचं शिसं बांधून. दोर ओढल्यावर जिवंत निघाली तर देवी. नाही निघाली तर जलसमाधी, म्हणजे आणखी मोठी देवी, आणि पारीवर मंदिर! बुवाचं दोन्हीकडून साधत होतं. मला रात्रभर त्या माणसाची किळस येत राहिली. उजाडताच मी सायकल काढली.

मी पोचलो तेव्हा बुवाची बडबड रंगात आली होती. "नाक का साँस संसार का, गले का साँस नारायण का! देखो भक्तो, डोळे भरून देखो!" त्यानं पोरीच्या मानेला पांढरं भस्म चोपडलं, तिचं डोकं परातीत वाकवलं आणि कमंडलूतलं पाणी ओतलं. मानेपाशी बुडबुडेच बुडबुडे! बायांनी हात जोडले. गावचे पाटील भैयाजी वाटी घेऊन पुढे सरसावले आणि परातीतलं ते पांढुरकं पाणी घोटघोट प्याले.

लटारू बाजूला उभा होता. पोरीच्या कमरेला शिसं त्यानंच बांधलं होतं. ती त्याच्या धोतराचा सोगा धरून पुटपुटत होती, "बा, मले भेव लागते." ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

मी पुढे झालो, पोरीची मान पुसून घेतली आणि म्हणालो, आता हाच चमत्कार तलावाच्या पाण्यात दाखवा. शेवटी तिला बसवणार तलावातच ना? बुवा म्हणाला, तलावाचं पाणी अपवित्र आहे. मी म्हटलं, मग त्या अपवित्र पाण्यात देवी दम कसा घेणार? पारीवर जरा कुजबूज झाली. तेवढ्या अवधीत मी कुणीतरी विकायला आणलेल्या मासळीचं एक टोपलं पुढे ओढलं, पोट साफ केलेली एक मेलेली मरळ उचलली, तिच्या शेपटीला बुवाचं भस्म फासलं आणि वर कमंडलू उपडा केला. बुडबुडे! मेलेली मरळ शेपटीनं दम घेऊ लागली. भस्म म्हणजे खायचा सोडा आणि कमंडलूत लिंबू पिळलेलं पाणी, दुसरं काही नाही.

"ये पापी है, पकडो इसको," बुवा ओरडला. पण कुणी हललं नाही.

मी सगळ्यांना सांगितलं की मासा आपला नातेवाईकच आहे. मासा अंड्यात आणि आपण आईच्या पोटात तयार होत असतो तेव्हा त्याच्याही मानेला आणि आपल्याही मानेला सारख्याच घड्या पडतात. माशात त्यांचे कल्ले होतात, आपल्यात जबडा, कान, घसा. एखाद्याची घडी पुरती मिटत नाही आणि असं भोक राहतं. त्यातून हवा जात नाही, श्वास होत नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ते काढून टाकता येतं.

गर्भाच्या घड्या कुणाला पटल्याचं दिसेना. मग मी लटारूला विचारलं, "लटारूभाऊ, रातभर बुडालेल्या जाळ्यात मरळ अडकली तं सकाळी जित्ती निंगते का?"

"नाई," तो म्हणाला. "मरते."

"काऊन? तिले तं कल्ले हायेत."

"ते दम घ्याले वरते येते ना बाबू. येऊ नाई देल्लं तं…" त्यानं पोरीकडे पाहिलं. मग तिच्यापुढे खाली बसला आणि तिच्या कमरेची दोरी सोडायला लागला. गाठ भिजून घट्ट झाली होती, बोटांनी सुटेना. त्यानं ती दातांनी तोडली.

शकुबाईनं पोरीला उचललं आणि मागं न बघता घराकडे निघाली. बुवा गर्दीतून सटकला होताच. भैयाजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमी ते पेलो, त्याचं काई होत तं नाई ना?"

एवढा वेळ सगळं गाव तिथं उभं होतं आणि पहिला प्रश्न आला तो पोरीचा नव्हे, स्वतःच्या पोटाचा. बुवापेक्षा मला त्या प्रश्नाची जास्त किळस आली.

वाचकहो, सोडा आणि लिंबू तुमच्याही घरात आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी पाणी बदलून बघा, आणि तेही जमत नसेल तर ज्याला देव केलंय त्याला तरी विचारा. अन्नपूर्णा सकाळपासून सांगत होती, मले भेव लागते.