इंजनाची ओटी

नळाला पंधरा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पाण्याच्या इंजनाचं म्युझियम काढायचं, ही अक्कल पुढाऱ्याच्याच टाळक्यातून निघायची. कस्तुराबाईनं हे नगराध्यक्ष आबासाहेबांना तोंडावर सांगितलं होतं. आबासाहेब नुसते हसले. निवडणूक जवळ आली की ह्या लोकांच्या कातडीला काही टोचत नाही.

"मावशी, तुमी पाच सवाष्णी घागरी घेऊन या," ते म्हणाले. "घागरी तितंच भरून मिळतील. उद्घाटनाच्या पाहुण्यांसमोर इंजनात पाणी वतायचं, त्याची ओटी भरायची, की झालं."

"इंजनाची ओटी? आवो, ओटी बाईची भरतेत, न्हाई तर देवीची. लोखंडाला काय लेकरू व्हायचंय का?"

"फोटो चांगला येतोय, मावशी. उद्या तुमी या, उद्याच तुमच्या गल्लीच्या पाण्याचा वॉल सोडायला लावतो. माझा शब्द हाय."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. कस्तुराबाईची लेक राजेश्री घरात बाळंतीण होती. परवा बारसं, पालमहून व्याही मंडळी यष्टीनं यायची, आणि न्हाणीतल्या ड्रमात खरवडून दोन तांबे पाणी. बाळाची ओली दुपटी बादलीत नुसती कुबट मारत पडलेली. गल्लीत आधीच्या पाळीला पाणी आलंच नव्हतं. मग काय करते बिचारी? दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला, बन्सीधरला, नळापाशी पाट टाकून दिला. "उठायचं न्हाई हितून. पाणी आलं की आदी न्हाणीतला ड्रम," असं बजावलं आणि ठेवणीतलं इरकल नेसून, रिकामी घागर काखेत मारून निघाली. शेजारची शिवकन्या आणि आणखी तिघी सोबत होत्या.

नदीकाठचं ते पंपहाऊस निजामाच्या काळातलं. इतकी वर्षं आत वटवाघळं आणि बाहेर दारूच्या बाटल्या. आता त्या काळ्या दगडाला गुलाबी रंग फासला होता. म्हाताऱ्या माणसाला नवरदेवाचा पोशाख घालावा, तसं ते ध्यान दिसत होतं. आत माणसाहून उंच चाकाचं इंजन, नखशिखांत चंदेरी रंगवलेलं, गळ्यात झेंडूचा हार. शेजारी बॉयलर, त्याच्या भट्टीत जाळ घातलेला. बाहेर अंगणात कारंजं थुईथुई उडत होतं आणि खालचा हौद काठोकाठ भरून वाहत होता. बायकांनी त्यातच घागरी भरल्या. एवढं पाणी बघून कस्तुराबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. आपल्या नळालाही आत्ता आलं असंल, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

पाहुणे यायचे होते. तोवर प्रियांका नावाची गाईड पोरगी, मानेला स्कार्फ बांधलेली, बायकांना म्युझियम दाखवू लागली.

"या वाफेच्या पंपामुळे आपल्या गावाला दररोज दोन वेळा पाणी मिळत असे," ती पुस्तक वाचल्यासारखी म्हणाली.

"रोज?" कस्तुराबाई थांबलीच.

"हो आजी. सकाळ-संध्याकाळ."

"आन मग बंद कामून केलं?"

"विजेच्या मोटारी आल्या ना. मग धरणावरची नवी योजना आली. प्रगती झाली, आजी."

"आगं बया! रोजचं पंधरा दिवसावर आलं ती प्रगती व्हय?"

शिवकन्या पदर तोंडात कोंबून हसली. गाईडपोरीनं त्यांना लगेच पुढच्या कोपऱ्यात नेलं. तिथं प्लास्टिकची एक बाई उभी केलेली. नऊवारी, ओठाला लाली, कमरेवर कळशी. 'पाणी वाहणारी ग्रामीण स्त्री' अशी पाटी. कस्तुराबाईनं तिला वरून खाली न्याहाळलं. कळशी पार पोटावर धरलेली, चार पावलं चालली असती तर बाई तोंडावर पडली असती. आतून कोरडी ठक्क, तळाला कुणीतरी वेफरचं पाकीट टाकलेलं.

"हिला उभी करणाऱ्यानं घरात कवा गिलासबी उचलला नसंल," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात तिला गोपाळ दिसला. गोपाळ म्हणजे त्यांच्या गल्लीचा वॉल सोडणारा माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून, वॉलची लांब चावी भिंतीला टेकवून पेढा खात उभा होता. हा इथं, चावी इथं, मग गल्लीत पाणी कोण सोडायलंय?

"गोपाळ, आमचा वॉल?"

गोपाळनं पेढा गिळला. "काकू, आज न्हाई जमायचं. टाकीतलं समदं पाणी हिकडंच वळीवलंय. बॉयलर, कारंजं... जोर पाहिजे म्हणले साहेब."

"आन आमची पाळी?"

"तुमची आता पुढच्या खेपंला."

कस्तुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात बाळंतीण, आणि ह्या मुडद्यांनी पाणी हवेत उडवलं होतं. फोटोसाठी! तिनं कनवटीचा फोन काढला.

"आवो, नळापाशी काय बसलाव भोळ्या म्हादेवावाणी? उठा. पाणी हितं हाय, म्युझियमात. गल्लीला सांगा. ड्रम, कॅन, हंडे, घावल ते घेऊन या म्हणावं."

पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली तेव्हा तिच्यामागून अख्खी गल्ली शिरली. हातगाड्यांवर ड्रम, सायकलींना कॅन, पोरांच्या डोक्यावर पातेली. दहा मिनिटांत हौदाचा तळ दिसला. मग कुणीतरी बॉयलरच्या टाकीत सोडलेला पाईपच उपसला आणि ड्रमात घातला. आबासाहेबांचा चेहरा उतरला, पण पाहुण्यांसमोर बोलायची सोय नव्हती.

पाहुणे मात्र खूश. "वा, वा! आपल्या वारशाविषयी लोकांना एवढी आस्था!" ते म्हणाले. अशा माणसाला काय बोलावं? कस्तुराबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

सनई लागली. आबासाहेबांनी डोळ्यानं खुणावलं, वता. कस्तुराबाईनं ओटीचं ताट उचललं, इंजनाचा नारळ घेतला आणि आपल्याच घागरीच्या तोंडावर ठेवला. बाकीच्या चौघींनी तिच्याकडं बघून घागरी जवळ ओढून घेतल्या. इंजनाच्या चाकानं कसेबसे दोन फेरे मारले. तेवढ्यात, बॉयलरमधलं पाणी उतरायलंय म्हणून भट्टीवरच्या माणसानं घाईघाईनं भट्टीतला जाळ ओढून काढला. सगळा धूर आत कोंदला. पाहुणे रुमाल नाकाला लावून गाडीत बसले. त्यांच्यासाठी आणलेलं पाण्याच्या बाटल्यांचं खोकंही त्यांच्याच डिकीत गेलं.

आबासाहेब खोकत खोकत बाहेर आले आणि पायरीवर टेकले. डोळे लाल, ओठ कोरडे. आसपास ना चमचा ना कार्यकर्ता. समोरून कस्तुराबाई डोक्यावर भरली घागर घेऊन चालली होती.

"मावशी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "घोटभर पाणी द्या."

ती थांबली. दारात वैरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचा, मग भांडायचं, ही इकडची रीत. कस्तुराबाईनं आजवर मागत्याला, चोराला, कुणालाच पाण्याला नाही म्हटलं नव्हतं. तिचा हात घागरीकडं गेलाही. मग तिनं तो खाली घेतला.

"न्हाई," ती म्हणाली, आणि चालू लागली.

फाटकाबाहेर शिवकन्यानं तिला गाठलं. पोरीचे डोळे मोठे झाले होते. "काकू, तुमी पाण्याला न्हाई म्हणलाव?"

"म्हणले," कस्तुराबाई म्हणाली. तिला रडू फुटलं होतं, पण घागर डोक्यावर होती, म्हणून तिनं मान हलू दिली नाही.