नावाचं कडवं

दोन सीट कमी होत्या, म्हणून भरतने मिनीडोर रिक्षा सुरू न करता नुसतं गाणं सुरू केलं. मागच्या बाकावर बसलेल्या मैनाबाईंचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला. शेजारच्या बाईला वाटलं, ऊन लागतंय. ती थोडी सरकली.

ऊन नव्हतंच. स्पीकरमधून मैनाबाईंचे यजमान गात होते.

यजमानांना जाऊन चार गणपती झाले होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते पाळीला जात, आणि गणपतीत वाडीच्या नाचाचे शाहीर असत. गाणी रचायची ती कंपनीच्या बसमध्ये, खिडकीशी बसून. गेले तेही त्याच खिडकीशी. बरोबरच्यांना वाटलं, शाहिरांचा डोळा लागला आहे. त्यांनी बस रिकामी होईपर्यंत झोपू दिलं.

माणूस गेला, पण आवाज जायला तयार नव्हता. लग्नाच्या मांडवात, ट्रॅक्टरवर, भात लावणाऱ्या पोरींच्या कमरेला खोचलेल्या मोबाइलमध्ये तो अचानक भेटे. मैनाबाई अंगणवाडीची खिचडी वाढत असल्या तरी हात थांबे. आणि प्रत्येक वेळी एकच व्हायचं. गाणं शेवटाकडे येई, ढोलकी उतरे, शाहीर श्वास घेई, तो श्वाससुद्धा ऐकू येई आणि तिथेच गाणं तुटे. त्या श्वासानंतर नावाचं कडवं होतं. शाहिराने त्यात आधी गुरूचं नाव घ्यायचं, मग गावाचं, मग स्वतःचं, आणि सभेची क्षमा मागून थांबायचं, अशी या नाचाची रीत. ते कडवं कुठेच नव्हतं. दारापर्यंत यावं आणि कोण ते न सांगता परत जावं, तसा तो आवाज गेली चार वर्षं येऊन जात होता.

आजही श्वास आला, तुटला, आणि दुसऱ्याच कोणाचं दणदणतं गाणं सुरू झालं.

"आवाज झकास हाय," पुढे बसलेला पाळीवरून सुटलेला कामगार म्हणाला. "कोणाचा रे?"

"काय म्हाईत. खेडकडचा कोनतरी शाहीर हाय म्हनतात," भरत म्हणाला.

"खेडचा नाय तो," मैनाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

भरतने आरशातून बघितलं. "मग कुठला, मावशी? नाव सांगा की."

मैनाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर ते नाव त्यांच्या जिभेवर आलं नव्हतं. बँकेत, दवाखान्यात कोणी विचारलं तर त्या आधार कार्ड पुढे करत. घरात "अहो" पुरे होतं.

भरत हसला. "ऱ्हाऊ दे, मावशी. चोरीचं गानं हाय. त्याच्यावर बापाचं नाव नसतं."

तो काही वाईट पोरगा नव्हता, सहज बोलला. पण ते वाक्य मैनाबाईंच्या छातीत रुतून बसलं. गाणी भरून कुठून घेतलीस, एवढंच त्यांनी विचारलं. बाजारपेठेतल्या श्रीपतकडून, असं कळल्यावर अंगणवाडीतल्या मुलांसाठी घेतलेल्या रंगीत खडूंची पिशवी उचलून त्या खाली उतरल्या. मागून भरत ओरडत होता की, मावशी, आता दोनच्या तीन सीट झाल्या.

श्रीपतचं दुकान मैनाबाईंना माहीत होतं. वाडीच्या नाचमंडळाच्या पोरांनी शाहिरांचा आवाज इथेच, मागच्या खोलीत रजया टांगून, भरून घेतला होता. त्याच्या सीड्या काढून वाडीतल्या घराघरात वाटल्या होत्या. आता सगळी दुकानदारी मोबाइलची. श्रीपतने त्यांना ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मैनाबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, शेवटचं कडवं कोणी कापलं?

श्रीपत थोडा वेळ हातातल्या मोबाइलच्या पाठीवरचा डाग पुसत राहिला. मग म्हणाला, "मीच, वहिनी."

त्याने सांगितलं ते असं: कोणीतरी गाणं नेटवर चढवलं, तिथून त्याने उतरवून घेतलं. आपल्याच दुकानात भरलेलं गाणं नेटवरून का घ्यावं लागलं, तर पुरात त्याचा कॉम्प्युटर गेला होता. दुकानाच्या माळ्यापर्यंत पाणी होतं, चिखलातून निघाला तो नुसता पत्रा. गाणं मात्र नेटवर होतं, तेही पुरं. त्याने ड्रायव्हर लोकांच्या पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायला सुरुवात केली. पण शेवटचं कडवं संथ, ढोलकी नाही, काही नाही. गाडी चालवताना झोप येते म्हणून तक्रारी यायला लागल्या. म्हणून कापलं. तेच मग या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये गेलं. नेटवरचं मूळ ज्याने चढवलं होतं, त्याने कधीतरी काढून टाकलं, आणि उतरवलेलं पुरं गाणं श्रीपतने ठेवलं नव्हतं.

"विचारायचं होतंस रे," मैनाबाई म्हणाल्या.

"कोणाला विचारू? शाहीरतात्या गेले होते." श्रीपतचा आवाज किंचित वर गेला. "आणि खरं सांगू का, वहिनी, तुम्ही याला चोरी म्हणत असाल तर म्हणा. पण तुमच्या घरातून काय कमी झालं? सीडीवर 'हक्क राखीव' छापलं होतं, ते पोरांनी दुसऱ्या सीडीवरून बघून छापलं होतं. आणि तात्यांनी तरी चाल कुठून घेतली? पिक्चरच्या गाण्यावरूनच ना? तेव्हा कोण विचारायला गेलं होतं?"

हे खरं होतं. कोणी चिडवलं की शाहीर हसून म्हणायचे, चाल त्यांची, शब्द माझे. भेटला चालवाला तर घरी आणून जेवू घालीन. मैनाबाईंना ते हसणं आठवलं.

श्रीपत पुढे म्हणाला, आता हळू आवाजात, "मी भरलं नसतं तर तात्या आज कोणाच्या कानावर पडले असते?"

घरातली सीडी तर मैनाबाईंनी स्वतःच परसात दुधीच्या मांडवावर टांगली होती. वाडीत सगळ्यांनीच टांगल्या होत्या. सीडी लावायचं यंत्र कोणाकडे उरलं नव्हतं, आणि ती उन्हात चमकली की पाखरं येत नसत. तेव्हा सीडीतला माणूस ओटीवर बसून चहा मागत होता. त्याच्या आवाजाची निगा राखावी, असं कोणाच्या मनात येणार? पुढे त्या सीडीची चकाकी उन्हापावसात सोलून गेली आणि नुसती काचेसारखी चकती राहिली. आरपार दिसणारी.

त्या उठल्या. दुकानाच्या पायरीवर थांबल्या.

"चोरायचंच होतं, श्रीपत, तर पुरं चोरायचं होतंस रे."

श्रीपतने मान खाली घातली. त्याने खडूंची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली, आणि तो मिनीडोरपर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीत मदतनीस राहीबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. मैनाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. राहीबाई त्यांच्याहून वयाने मोठ्या, विधवा, आणि वाडीतल्या सगळ्या चालीरीतींच्या रखवालदार. कडवं तुला पाठ हाय ना, मग पोरांना शिकव की, असं त्या सहज म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.

"नाव येतंय त्याच्यात."

"येतंय."

"बायकोनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं म्हनतात, गो."

मैनाबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आता काय कमी व्हायचं राहिलंय?"

तांदूळ धुवायला म्हणून राहीबाई बाहेर गेल्या, आणि मग पुष्कळ वेळ आत आल्या नाहीत.

मुलं नवे खडू बघून खूश होती. सेजलने डोंगर काढला, डोंगरावर घर, आणि घराएवढीच मोठी कोंबडी. श्रुतिकाने तिच्या मागून हळूच हात घालून लाल खडू घेतला आणि रडारड झाली. मैनाबाईंनी नेहमीसारखं समजावलं, की दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही, त्याला चोरी म्हणतात. सेजल अंगणवाडीतली सगळ्यात मोठी, जूनमध्ये शाळेत जाणार; तिने डोळे पुसत मान वर केली.

"बाई, माझा दादा मोबाइलात पिक्चर घेतो. विचारत नाय. पन ज्याचा हाय त्याच्याकडं पन ऱ्हातो. मग ती चोरी कशी?"

कालचाच प्रश्न आज केवढ्याशा तोंडातून आला होता. मैनाबाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. मुलाला उत्तर द्यायचं तर त्याच्या उंचीवर येऊन द्यायचं, हा त्यांचा नेम.

"ही कोंबडी तुझी ना? समज, मी ही भिंतीवर लावली. सगळी वाडी बघते, म्हणते, काय झकास कोंबडी. पण कोणी काढली ते कोणालाच माहीत नाय. चालेल?"

सेजलने कोंबडीकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. "भिंतीवर लावा," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पन माझं नाव लिवा. आनि मला विचारा."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"दिलं असतं की," सेजल म्हणाली, यात विचारण्यासारखं काय आहे अशा आवाजात.

यजमानांनीही दिलं असतं. मागणाऱ्याला शाहीर ओटीवर बसवून घेत, चहा देत आणि गाणं शिकवत. फक्त अट एक. शिकवायला सुरुवात शेवटच्या कडव्यापासून. ही त्यांच्या गुरूची शिस्त होती. पोरं अर्धं शिकून पळतात, शाहीर म्हणायचे, तर जे आधी शिकतील ते तरी नाव घेऊन पळू देत.

मैनाबाईंनी मुलांना गोल बसवलं. आवाज गोड नव्हता त्यांचा, कधीच नव्हता. शाहीर थट्टा करायचे, तू गायलीस तर दुधीवरची पाखरं सीडीशिवाय उडतील. त्यांनी मांडीवर ताल धरला.

"माझ्यामागून म्हणायचं. गुरू माझे कोंडाजी, त्यांनी दिला सूर."

मुलांनी म्हटलं. कोणी कोंडाजी म्हटलं, कोणी कोंबडी म्हटलं.

"कोंडाजी. पुन्हा."

पुन्हा म्हटलं. बाहेर भांड्यांचा आवाज होत होता तो थांबला.

"वाडी माझी डोंगरात, नदी राहिली दूर."

हे सगळ्यांना सोपं गेलं, कारण वाडी डोंगरात होती आणि नदी दूरच होती. मुलं पुढच्या ओळीसाठी तोंडाकडे बघत होती. मैनाबाईंनी श्वास घेतला. रेकॉर्डिंगमध्ये जसा तो श्वास येऊन तुटायचा, तसाच आपलाही श्वास नावाच्या अलीकडे येऊन थांबला आहे, हे त्यांना कळलं. लग्नानंतर या जागेपुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. मुलं वाट बघत होती. एकाने नाक पुसलं.

"हात जोडून सभेला सांगे..." त्यांचा हात पदराकडे गेला आणि त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. "...शाहीर मुरारी."

नाव हवेत गेलं. कसं ओझं नसल्यासारखं गेलं. मैनाबाई ऐकत राहिल्या. काही पडलं नाही, कोणी रागावलं नाही.

"मुरारी," त्या पुन्हा म्हणाल्या, मुलांना नीट कळावं म्हणून, स्वच्छ, हजेरी घ्यावी तशा आवाजात.

आणि कोपऱ्यात बसलेला अश्विन, जो तीन वर्षांचा होता आणि बाईंनी कोणाचंही नाव घेतलं तरी ओ द्यायचा, हात वर करून म्हणाला, "हजर."

मुलं खिदळली. सेजलने त्याला सांगितलं की, येड्या, तू नाय मुरारी. अश्विनने हात खाली घेतला नाही.

मैनाबाईंनी थोडा वेळ त्या वर केलेल्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी पुढची ओळ सांगितली.

"चुकलंमाकलं पोटात घाला."

मुलांनी ती म्हटली.