ग्रंथपालांचा संकोच

मर्यादा हे माणसाचे भूषण आहे, यात शंका नाही. परंतु ती सांभाळताना आपल्याच माणसाच्या जिवाला घोर लागत असेल, तर तिचा पुनर्विचार करणे हेही कर्तव्यच ठरते.

निवृत्त ग्रंथपालांच्या आतड्याची शस्त्रक्रिया होऊन चौथा दिवस उजाडला होता. वारा सरल्यावाचून तोंडी पाण्याचा थेंबही मिळणार नव्हता. पहाटे, सारा वॉर्ड निजलेला असताना, देहाने आपले कार्य निःशब्दपणे पार पाडले. सून उशाशी स्टुलावर पेंगत होती. तिला काही कळले नाही, याचेच त्यांना समाधान वाटले.

आठ वाजता सिस्टरने दारातूनच विचारले, "आजोबा, वारा सरला का?"

सहा खाटांवरच्या माना वळल्या. सूनही पाहू लागली.

"नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"काका, लाजताय काय?" शेजारच्या खाटेवरचा ट्रकड्रायव्हर म्हणाला. "मी तर दुसऱ्याच दिवशी हॉर्न दिला."

"चिडवू नका हो बाबांना," सून म्हणाली; पण तिचा चेहरा उतरला होता.

दुपारी डॉक्टरांनी पोट चाचपले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अजून नाही म्हणजे आतडं अडलं असणार. संध्याकाळी पुन्हा उघडून बघावं लागेल. सही कोण करतंय?"

मुलगा परदेशी होता. सुनेने कागद घेतला. "बाबा, घाबरू नका हं, मी आहे," म्हणताना तिचाच आवाज कापत होता.

ग्रंथपालांनी डोळे मिटून घेतले. "सही करू नकोस. झालंय ते."

"काय झालंय?"

"सिस्टर विचारत होत्या ते. पहाटेच."

"मग सकाळी नाही का म्हणालात?"

"तू होतीस ना समोर."

तिने कागद खाली ठेवला. "अहो बाबा, म्हणून पोट फाडून घ्यायला निघालात?" आणि डोळे पुसता पुसता तिला हसू आवरेना. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. ग्रंथपालही हसले, टाक्यांत कळ उठली आणि त्या हसण्यातच, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा, पुरावा सादर झाला.

"साक्षीला मी आहे, डॉक्टरसाहेब," ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाला.

सुनेने चमच्याने पाणी पाजले. ग्रंथपालांनी या वेळी नजर चुकवली नाही.

त्या वृद्ध देहास आरोग्य लाभो, आणि चार रात्री जागलेल्या त्या लेकीला आज शांत झोप लागो.