तीन माणसं, एक कागद

"गुरुजी, मनं ऑपरेशन दहा वरीस पह्यले व्हई जायेल शे. पोरीस्ले मना घर कसाले भेजतस?"

भाईदासभाऊंनी अभिमन गुरुजींना चहाच्या टपरीवर गाठलं ते हे विचारायलाच. गुरुजींना आधी काही उमजेना. मग ट्यूब पेटली. आणीबाणीत याच गावात मास्तर लोक नसबंदीची नावं लिहायला वह्या घेऊन दारोदार फिरले होते आणि मागून जीप आली होती. तेव्हापासून वहीवाला दिसला की गाव कडी लावतं. गाव भित्रं नव्हतं, शहाणं होतं. सरकारनंच त्याला शहाणं केलं होतं.

"भाऊ, शाळेची जागा कोणी दिली एवढंच विचारताहेत त्या. सातवीचा इतिहास आहे."

"इतिहास पुस्तकमा ऱ्हास. मना घरना वटावर नही."

टपरीवरचे सगळे हसले. पण हसताना एकमेकांकडे बघून हसले.

गुरुजींनी सातवीला नियम घालून दिला होता. छापलंय म्हणून खरं मानायचं नाही, गुरुजी म्हणतात म्हणूनही नाही. तीन माणसांना विचारायचं, एक कागद बघायचा, मगच वहीत उतरवायचं. कोणी सांगितलं तेही लिहायचं. शाळेला यंदा पंचवीस वर्षं होत होती. सभापती येणार होते. 'जागा सरपंच बन्सीलाल नानांच्या वडिलांनी दान दिली' अशी संगमरवरी पाटी शिरपूरहून कोरून आली होती. त्या पाटीवरूनच गुरुजींनी धडा काढला.

बहुतेक दारं लागली. तीन म्हाताऱ्या तेवढ्या बोलल्या. त्यातल्या मंजुळाबाईंनी दाराआडून सांगितलं, "धुरपदानी दिधी व्हती जागा. रांडमुंड बाई, पोर ना सोर. मनं नाव नको लिखजो, माय." पोरींनी वहीत लिहिलं : एका आजीने सांगितले. नाव लिहू नको म्हणाली.

पुढं कार्यक्रमासाठी शाळेचं कपाट झाडताना कागदही सापडला. शाळेच्या जागेचं बक्षीसपत्र, धुरपदा भ्र. चिंधा, म्हणजे चिंधाची बायको, निशाणी डावा अंगठा. सातवीतल्या सुगंधानं तिथंच बसून त्याची नक्कल उतरवली.

दुसऱ्या दिवशी कपाटात कागद नव्हता. हेडमास्तर सुकदेव सर म्हणाले, "कसला कागद?"

नानांकडं चुगली कोणी केली? गुरुजींना आधी हेडमास्तरांचा संशय आला, मग शिपायाचा, आणि शेवटी सुगंधाचा. ती नानांच्या भाऊबंदांतली नात. त्या दिवसापासून ते तिची वही सगळ्यांत शेवटी तपासू लागले. तिनं हात वर केला तरी बघेनात. पोरांना शंका घ्यायला शिकवणारा हा माणूस. त्याची शंका बारा वर्षांच्या पोरीवर जाऊन बसली.

गुरुवारी नाना स्वतः वर्गात आले. मागून सुकदेव सर खुर्ची घेऊन.

"कोनी पार्टीना शेतस तुम्ही, गुरुजी?"

"कोणाच्याच नाही, नाना."

"मंग हाई उकरनं कोनासाठे?" नाना हळूच बोलत होते. "तुम्हनी बाई आठलाच दवाखानामा नर्स शे ना? दोन्ही एक गावमा, चांगलं शे. तश्या वर अक्राणीना डोंगरमा बी शाळा शेतस. तठे मास्तर टिकत नही."

गुरुजींच्या बायकोला, कुंदाबाईंना, या दवाखान्यात बदली मिळायला सहा वर्षं लागली होती. सहा वर्षं दोन गावांत दोन चुली. गुरुजी फळ्याकडं वळले, परत वर्गाकडं वळले.

"मुलांनो," ते म्हणाले, "आपली चूक झाली. जागा नानांच्या वडिलांनी दिली. तसं लिहून घ्या."

पेनं हललीच नाहीत. सुगंधा उभी राहिली.

"गुरुजी, तुम्हले कोनी सांगं?"

"बस खाली!" सुकदेव सर ओरडले.

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. किती दिवसांनी सरळ पाहिलं. पोरगी अजून बसली नव्हती.

"नानांनी सांगितलं," गुरुजी म्हणाले.

"कागद शे?"

नानांनी घसा खाकरला.

"नाही."

सुगंधा बसली, खाली मान घालून लिहीत राहिली. मग वही घेऊन टेबलाशी आली. वहीत होतं :

जागा धुरपदाबाईंनी दिली. सांगणारे : तीन. कागद : पाहिला, नक्कल सोबत.

जागा नानांच्या वडिलांनी दिली. सांगणारे : नाना, गुरुजी. कागद : नाही.

त्या ओळीत आपलं नाव कोणाशेजारी बसलंय ते गुरुजींनी नीट वाचलं. नाना खुर्चीतून थोडे पुढं वाकले होते. पान फाडायला फार ताकद लागली नसती.

गुरुजींनी लाल पेन काढलं. 'बरोबर' असं लिहिलं, खाली पूर्ण नावानं सही केली, तारीख घातली आणि वही पोरीच्या हातात दिली.

मग हजेरीपट मिटला, त्यावर डस्टर आणि उरलेला खडू ठेवला, आणि ते सगळं नानांच्या खुर्चीला वळसा घालून हेडमास्तरांच्या हातात नेऊन दिलं. "अक्राणीचा हुकूम आला की सांगा, सर."