थॉमसिनचं नाव

मी एक दगडी कबर. इंग्लंडातल्या एका खेड्यात, चर्चच्या आवारात, तीनशे वर्षं एकाच जागी खिळून आहे. खाणीत होते तेव्हा कुणाचंच नाव माझ्या अंगावर नव्हतं.

लोकरीचा व्यापारी अँब्रोस पेल्टन वारला आणि त्याच्या भावानं, गिल्बर्टनं, मला घडवायचं काम सायलस पाथरवटाला दिलं. सायलसनं माझ्यावर मेंढ्या कोरल्या, देवदूतांची पंखवाली बाळमुखं कोरली. अँब्रोसची तरुण विधवा थॉमसिन त्याच्यासाठी पाव आणि चीज घेऊन यायची. दोघं माझ्या काठावर बसून हसायची. गावाला ते दिसलं, गिल्बर्टलाही.

एका सकाळी तो येऊन म्हणाला, "सायलस, खाली वहिनीचंही नाव घाल. 'पतीशेजारी चिरविश्रांती.' साल तेवढं कोरं ठेव."

"भाऊजी, मी जिवंत आहे अजून!"

"आज ना उद्या इथंच यायचंय ना? नाव एकदा दगडावर चढलं, की पाय भलतीकडे वळत नाहीत."

तो गेला तशी सायलसनं छिन्नी फेकली. थॉमसिननं ती उचलून त्याच्या हातात दिली. "कोर रे. नावच हवंय ना त्यांना? ते राहू दे इथं. मी निघते."

त्यानं कोरलं. मग दोघं गाव सोडून गेली.

गिल्बर्टनं अब्रू झाकायला 'वहिनी परगावी तापानं गेली' अशी आवई उठवली आणि दुसऱ्या पाथरवटाकडून कोरं सालही भरून घेतलं. खोटं माझ्या तोंडी घातलं. आणि मला ना जीभ, ना पाय.

बऱ्याच वर्षांनी एक म्हातारी लेकीचा हात धरून आली. स्वतःच्या मरणाचं साल वाचून ती खो खो हसली.

"आई, चल ना. अभद्र वाटतंय."

"थांब गं. मेल्यावर भूक फार लागते," म्हणत थॉमसिन माझ्यावरच बसली आणि तिनं अख्खं सफरचंद संपवलं. निघताना मात्र माझ्यावर तळहात टेकवला. "माझ्या जागी तू अडकलीस गं बाई."

ती कुठल्या मातीत निजली, मला ठाऊक नाही. इथं नाही, एवढं नक्की. तरी लोक माझ्यापुढे उसासतात, "मरणातही जोडीनं!"

पावसानं आणि शेवाळानं तिचं नाव पुसत आणलं होतं. मी सुखावले होते. पण परवा चर्चच्या धर्मगुरू बाई कारागिराला घेऊन आल्या. "ही अक्षरं चांगली खोल करा हं. बिचारीचं नाव जाता कामा नये."

बाई, जाऊ द्या हो ते. मी इथून सुटायची नाही. तिला तरी सोडा.